सांध्यांना डाग न देता

मार्च लागला म्हणतात.
तळघराच्या खिडकीला अजून कमरेइतका बर्फ टेकलेला,
आणि मी मांडीवर जुनी चादर टाकून
अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळीला खाचा पाडतोय.

दर अर्ध्या इंचाला एक.
करवत निम्म्यापर्यंतच, त्यापुढे नाही.
चाळीसपर्यंत मोजल्या,
मग पातं तुटलं, आणि आकडाही.

आजोबा याच गावाखाली, मैलभर खोल,
हेच तांबं खणायचे.
घरी आणायचे ते फक्त नखांतलं.
मी नऊ फूट घेतलं हॅनकॉकच्या दुकानातून, रोख पैसे मोजून,
आणि नळीवर बारीक ठसा : चिली.

पेटी माझी नाही.
झाकणावर काळ्या शाईत मेव्हण्याचं आडनाव : ट्रेझोना.
जुलैत उसनी आणली होती, एका दिवसासाठी.
बर्फ कोंडायला केलेली, पण
ऊनऊन पाण्यातला जवही ती तितक्याच इमानाने सांभाळते.
थंडी काय, ऊब काय,
जे आत ठेवाल ते तिचं.

तळाशी तीन नळ्या समांतर,
कोपऱ्यांत वाकणं, मध्ये एक टी,
भोकातून बाहेर पितळी तोटी, दोन्हीकडून रबराची चकती.
सांध्यांना डाग देणार नाही.
नुसते एकात एक खोवलेले,
धुवायच्या वेळी सुटले पाहिजेत.
मार्लीस जिन्यावरून म्हणाली,
तुमच्या घरातली माणसंही अशीच बसवायला हवी होती.
मी मान वर केली नाही. कानशीचा आवाज होत होता.

खाचा जमिनीकडे तोंड करून.
वर ठेवल्या तर दाणे त्यांत बसतात
आणि तळाला दोन बोटं गोडवा
कुणाच्याच वाट्याला न येता राहतो.

फिनलंडात आजोबांचे वडील
याच कामासाठी अ‍ॅस्पनचं खोड कोरायचे,
तळाला ज्युनिपरच्या डहाळ्या, त्यावर काड.
त्याला कुर्ना म्हणायचे.
एवढा एकच शब्द बोटीतून उतरला.
खोड तिकडेच राहिलं.

रविवारी पहिला घाणा.
तासभर झाकण लावून ठेवलं, वर दोन रजया.
तोटी फिरवली :
वाटीभर आलं, मग सुतळीइतकं,
मग एक थेंब, बराच वेळ विचार करून.
मग काही नाही.

जव फार बारीक भरडला होता मी.
हावरेपणा, दुसरं काय.

नेमका तेव्हाच वेन्डेल ट्रेझोना आला,
बुटांचा बर्फ जिन्यावर झटकत :
माझी पेटी.
झाकण उघडून पाहिलं त्यानं.
वाफ चष्म्यावर बसली. काही बोलला नाही.
त्यांच्याकडे याला राग म्हणतात.

मग कोट न काढता तो गुडघ्यांवर बसला,
तोटीची रबरी नळी तोंडात धरली
आणि फुंकला,
खाणीत भोंगा वाजवायचा त्याचा बाप, तसा.
आत कुठेतरी एक बुडबुडा बोलला.
चोथा जरा सरकून बसला,
झोपेत कूस बदलावी तसा.

आलं.
आधी गढूळ, पिठूळ, ओळखू न येणारं.
पहिले दोन तांबे परत वरून ओतले, हलकेच,
कारण नळी गाळत नाही,
ती फक्त वाट देते.
चोथ्यालाच चोथा गाळतो.

तिसऱ्या तांब्याला ते निवळलं.
वेन्डेलनं बोट बुडवून चाखलं,
चष्मा पुसला, पुन्हा चाखलं.

शनिवारी तलावावर जायचंय, म्हणाला,
मासे कशात ठेवू मी?

बादलीत, मी म्हणालो.

खाचा किती झाल्या
ते अजून मोजायचं राहिलंय.